भंगारातले पाच कॉम्प्युटर

कॉम्प्युटर बिघडला की माणूस खरं बोलतो आणि मोठ्याने बोलतो. आमच्या ग्रुपवर तर रोज कोणाचा ना कोणाचा बिघडतो, मग किस्से साचणार नाहीत तर काय! आम्ही अकोला-अमरावतीकडचे लिनक्स वापरणारे. लिनक्स म्हणजे कोणीही फुकट घ्यावी, उघडून पाहावी, दुसऱ्याला द्यावी अशी ऑपरेटिंग सिस्टीम. बंगळुरात शिकून परत आलो तेव्हा वाटलं होतं, इकडे ही गोष्ट पहिल्यांदा मीच सांगणार. येऊन पाहतो तर अकोल्याचे रिटायर्ड गवई सर कधीपासून लोकांना मोबाइलवर शिकवत होते! ग्रुपचे नियमही त्यांचेच. विचारणाऱ्याने स्क्रीनचा फोटो टाकायचा, आणि सांगणाऱ्याने ‘फॉरमॅट मार’ म्हणायचं नाही.

*

नांदगाव खंडेश्वरची शीतल ग्रुपवर आली ती पाच जुने कॉम्प्युटर घेऊनच. कुठल्याशा ऑफिसने टाकून दिलेले. तिला विहारात पोरींसाठी अभ्यासिका काढायची होती. परीक्षेचा साधा फॉर्म भरायलाही त्यांना अमरावती गाठावी लागे. विहार कमिटीचे अध्यक्ष काशिनाथजी तिला म्हणाले होते, “भीमजयंतीपर्यंत पाचही चालू झाले त ठेव. नाही त भंगारवाल्याले बोलावतो मी!”

नियमाप्रमाणे तिने फोटो टाकला. पाच कॉम्प्युटर, त्यांच्यापुढे पाच पोरी, सगळ्या हसत उभ्या. स्क्रीन एकही दिसत नव्हता.

सरांचं उत्तर आलं, “पोरी त ठणठणीत दिसून राहिल्या. पेशंट कोणता?”

*

मग मी सरसावलो. सॉफ्टवेअर मोकळं का असावं, ज्ञानाला कुलूप का नसावं, यावर तीन लांबलचक मेसेज लिहिले. त्यातला शब्द न् शब्द मला आजही पटतो!

शीतलने लिहिलं, “दादा, तुमचं भाषण आमी जयंतीले ठेवू. आता हा स्क्रीन काळा कावून होऊन राहिला, तेवढं सांगा.”

*

मूर्तिजापूरचे प्रमोदभाऊ. घरची फुलशेती, बाजारात हारांचं दुकान आणि दुकानात लिनक्स! एकदा त्यांनी कमांड दिली, मशीनने पासवर्ड मागितला, भाऊ टाइप करू लागले तर स्क्रीनवर अक्षरच उमटेना. त्यांनी कीबोर्ड झटकला, पुसला, शेवटी अकोल्याला जाऊन नवा आणला. तोही तसाच! तेव्हा कुठे ग्रुपवर विचारलं.

“भाऊ, तिथं पासवर्ड दिसतच नसते,” सरांनी लिहिलं. “टाका अन् एंटर दाबा.”

मग भाऊंचा मेसेज आला, “शीतलताई, तुले कीबोर्ड पायजे काय? एकदम नवा हाय!”

तो तिच्या तिसऱ्या कॉम्प्युटरला लागला.

*

चौथ्याने फार छळलं. त्या दिवशी विहारात नेट चालेना, म्हणून प्रमोदभाऊ दुकानातूनच फोनवर तिला एकेक अक्षर सांगत होते. “आडवी रेघ दे. आता मोकळी जागा सोड. सोडली?” असं अर्धा तास. समोर हारासाठी रांग! भाऊ ओशाळून हार बांधायला वळले, तर पहिल्याच नंबरच्या बाई म्हणाल्या, “माहा देव काय पळून चालला? आधी त्या पोरीचं होऊ द्या!”

“चालू झाला!” फोनमधून ओरडा आला. टाळ्या रांगेतल्या लोकांनी वाजवल्या!

*

पाचवा मात्र गेलाच. मदरबोर्डच जळलेला, त्याला कोण काय कमांड देणार? जयंतीला आठवडा उरला होता. शीतलने लिहिलं, “चारच झाले. काशिनाथजी ऐकत नाहीत.”

दोन दिवसांनी बसच्या ड्रायव्हरजवळ तिच्या नावाचं एक खोकं आलं. आत कॉम्प्युटर, लिनक्स टाकलेला. पाठवणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. ग्रुपवर विचारलं तर सगळे म्हणाले, मी नाही.

त्या आठवड्यात गवई सर सगळ्यांना उत्तरं तोंडपाठच देत होते. मी म्हटलं, “सर, तुमच्या स्क्रीनचा फोटो टाका ना, समजायला बरं पडेल.”

“फोटोचा नियम विचारणाऱ्याले हाय,” सर म्हणाले. “मले नाही!”

*

जयंतीच्या सकाळी अभ्यासिकेचं उद्घाटन. सरांना आम्ही तिथे पहिल्यांदाच पाहिलं. ठेंगणे, पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. काशिनाथजी म्हणाले, “फीत मंग. आधी चालवून दाखव!”

शीतलने एकामागून एक चार चालू केले. मग खोक्यातून आलेल्या पाचव्याचं बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन काळाच. पुन्हा दाबलं. काळाच.

“काल त चालला होता!” ती वायर तपासत म्हणाली.

“म्हणलं नव्हतं मी? भंगार!” काशिनाथजी म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी मोबाइल काढले, जो तो उपाय शोधू लागला. सरांनी पिशवी खाली ठेवली. पाचव्याजवळ गेले, डब्याच्या डाव्या अंगावरून हात फिरवला, खालच्या कोपऱ्याशी थांबले, आणि तिथे एक बुक्की हाणली.

स्क्रीन उजळला.

काशिनाथजी सरांकडे बघतच राहिले. शीतलही.

“काय पाहून राहिले?” सर म्हणाले. “फीत कापा न!”