क्यूबीकाकांचा सत्कार

बॉल कुणाकडे फेकणार हे क्यूबीकाका आधी मोठ्यानं ओरडून सांगत. "सुरेश, डाव्या अंगानं झाडापर्यंत पळ. प्रकाश, तू नुसता हात वर कर, तुला देत नाही बे!" अमेरिकन फुटबॉलमध्ये असले बेत डोक्याला डोकं लावून कुजबुजायचे असतात. आम्हाला त्याची गरज नव्हती. समोरच्या चर्चच्या टीमला मराठी कुठून कळणार? त्यांच्या कप्तानानं मला एकदा काळजीनं विचारलं होतं, तुमची आपसात नेहमी एवढी भांडणं होतात का म्हणून.

डॅलसजवळच्या अर्विंगमध्ये रविवारी बुद्धवंदना आटोपली की आम्ही नागपूर, अमरावती, मुंबईकडची मंडळी कमरेला फडकी बांधून पार्कात उतरायचो. अंगावर पडून पाडायचं नाही, फडकं ओढलं की झालं, असा तो सभ्य प्रकार होता. क्वार्टरबॅक, थोडक्यात क्यूबी, म्हणजे बॉल हातात घेऊन बाकीच्यांना पळवणारा. ती जागा पहिल्यापासून काकांची, म्हणून पोरांनी त्यांना क्यूबीकाका केलं. ते आमच्या कितीतरी आधी इथं आलेले. हायवे खात्यात पुलांची ड्रॉइंगं करायचे. नागपुरात कॉलेजात असताना फास्ट बोलर होते. म्हणायचे, "क्रिकेटमध्ये बोलिंग करताना हात वाकवला की नोबॉल. इथं वाकवा, लोक टाळ्या वाजवतात. असा देश सोडून कुठं जाऊ?"

"हात माझा, पाय तुमचे," हे त्यांचं दुसरं वाक्य. ते खेळापुरतं नव्हतं. नवीन आलेल्या प्रत्येकाला त्यांनी स्वतःच्या गाडीवर ड्रायव्हिंग शिकवलं, अपार्टमेंट बघून दिलं, आणि वर हे वाक्य ऐकवलं. मीही त्यातलाच. माझी नोकरी सुटली तेव्हा रोज संध्याकाळी येऊन बसायचे. नोकरीबद्दल अवाक्षर नाही. चहा घ्यायचे आणि जायचे.

टीममध्ये माझं काम वाकून दोन पायांमधून बॉल मागे काकांना देण्याचं. त्यामुळे त्यांच्या हाताला काय झालंय ते सगळ्यात आधी मला दिसलं. बॉल घेताना बोटं थरथरायची. झाडापर्यंत जाणारा बॉल झाडाच्या बराच अलीकडे पडायला लागला. "वारा होता," काका म्हणायचे. टेक्ससमध्ये वारा असतोच, त्यामुळे कुणाला खोटं ठरवता येत नव्हतं. पण पान हलत नसायचं तेव्हाही काका म्हणायचे, "वारा होता." चर्चवाल्यांशी दर वर्षी होणारी मॅच आम्ही हरतच आलो होतो. आता तर ते मॅच संपल्यावर आमची समजूत घालायला लागले होते.

तेवढ्यात सुरेशचा पुतण्या मिलिंद डॅलसला नोकरीसाठी आला. जन्म इथलाच, हायस्कूलच्या टीममधून खेळलेला. त्याचा बॉल झाडावरून पलीकडे गेला. मराठी त्याला 'जय भीम' आणि 'जेवलास का' एवढंच येत होतं, तरी त्या संध्याकाळी माझ्या टाउनहाउसमध्ये निर्णय झाला. क्वार्टरबॅक मिलिंद. अडचण एकच, काकांना सांगायचं कुणी? प्रत्येकाला काकांनी काही ना काही शिकवलेलं होतं. शेवटी प्रकाश म्हणाला, "यार, सत्कार करू. सत्कार झाला की माणूस समजतो." सगळ्यांना हायसं वाटलं.

पुढच्या रविवारी वंदनेनंतर शाल, गुच्छ आणि बुद्धमूर्ती दिली. आमच्यात सत्काराला नारळ ठेवत नाहीत, पण आम्ही देत होतो तो नारळच. भाषणं उत्तम झाली. "यापुढेही काकांचं मार्गदर्शन लाभत राहो," असं सुरेश म्हणाला. यात सगळं आलं, असं आम्ही धरून चाललो. काका उठले. डोळे भरले होते. म्हणाले, "तुम्ही एवढा विश्वास दाखवला. आता शब्द देतो, यंदाची मॅच जिंकूनच दाखवतो." आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या.

मॅचच्या दिवशी काका गुडघ्याला पट्टा आणि कमरेला फडकी बांधून माझ्या मागे येऊन उभे राहिले. तिथं मिलिंद आधीच उभा होता.

"अंकल, दे टोल्ड यू, राइट?" तो म्हणाला. आमच्यातला सरळ बोलणारा तो एकटाच निघाला.

काकांनी आमच्याकडे पाहिलं. जो तो बुटाची नाडी बांधत होता. मग त्यांनी मलाच विचारलं, "मग मी कुठं उभा राहू?"

शाल कुठली, मूर्ती केवढी, कोण आधी बोलणार, याचा आम्ही विचार केला होता. याचा केला नव्हता. मी वाकून बॉलवर हात ठेवला. खरं सांगायचं तर तेव्हा काही वाटलं नाही. पाय बधिर झाल्यावर दाबून बघावं तसं मी आजही ते आठवून बघतो, आणि काही वाटत नाही. काकांनी फडकी सोडून माझ्या हातात दिली आणि ते बाजूला जाऊन बसले.

आम्ही मिलिंदभोवती डोक्याला डोकं लावून इंग्लिशमध्ये कुजबुजलो आणि पहिल्यांदाच जिंकलो. पूर्ण मॅचभर काका एक शब्द ओरडले नाहीत. त्यानंतर ते वंदनेला यायचे, खुर्च्या लावायचे, सगळ्यांना जय भीम करायचे आणि आम्ही पार्काकडे निघालो की घरी जायचे. पुढे ह्यूस्टनला मुलीकडे राहायला गेले. तिथेच गेले.

त्या दिवशी मॅच संपल्यावर फोटोसाठी सगळे जमले होते. "काका, मध्ये या ना," सुरेशनं हाक मारली. काका उठून आले आणि त्यांनी प्रकाशच्या गळ्यातला कॅमेरा काढून घेतला. "मी काढतो. कुणीतरी काढायला पाहिजे ना." तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात काका नाहीत. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघून हसतोय.