मावशीचा हुंकार

बालाघाटकडच्या राजेगावची माझी मावशी एरवी फार कमी बोलायची. पण नवरात्रात देवीची जसगीतं रंगली, ढोलक चढायला लागला, की तिच्या अंगात यायचं. केस सुटायचे आणि पोटातून एक लांब हुंकार निघायचा. मग बायका पुढे सरकून तिला विचारायच्या: हरवलेली म्हैस, न होणारं मूल, पिणारा नवरा. वर्षभर घरात जिला कोणी काही विचारत नसे, तिच्यापुढे त्या दिवशी सासूसुद्धा हात जोडून बसायची.

मी तेव्हा बालाघाट सोडून पुण्यात शिकत होते आणि कॉम्प्युटरवर संगीत जुळवायचा नाद मला लागला होता. एका नवरात्रात टेपरेकॉर्डर घेऊनच गेले.

"मावशी, तुझा आवाज टेप करू?"

"कर ना. माहा कुठचा आवाज, देवीआईचा आहे तो."

पुण्यात मी तो हुंकार कापला, त्याखाली जड ठेका भरला. मधे ती देवीचं नाव घ्यायची, ते ठेक्यात बसेना, म्हणून काढून टाकलं. एका क्लबात ते वाजलं तेव्हा पोरं-पोरी डोळे मिटून घुमल्यासारखी नाचली. मला फार भारी वाटलं.

दिवाळीत मी मावशीच्या कानांवर हेडफोन चढवला. ती हातातलं काम ठेवून ऐकत राहिली.

"हे मी आहो?"

"हौ, मावशी."

"अशी ओरडते मी?" हेडफोन काढून तिनं विचारलं, "अन् लोकं यावर काय करते?"

"नाचतात."

"त्यायच्या अंगात येते?"

"नाही गं. मजा म्हणून."

तिनं मान हलवली आणि चहा ठेवायला उठली.

पुढच्या नवरात्रात ढोलक चढला, बायकांनी तिच्यासाठी जागा केली. तिनं केस स्वतःच्या हातानं सोडले. बराच वेळ नुसती बसून राहिली. मग पलीकडे एक नवी सून घुमू लागली आणि बायका तिकडे वळल्या.

मी तिला बाजूला नेऊन विचारलं, "काहून, मावशी?"

"आवाज निघू लागते, तं मले तो मशीनमधलाच आयकू येते. मंग वाटते, मी सोंग करून राह्यली." माझा चेहरा पाहून ती म्हणाली, "तुही काही चूक नाही, बाई."

त्यानंतर तिच्या अंगात कधीच आलं नाही. सासूचा आवाज पुन्हा चढला. जसगीतांच्या वेळी मावशी आत पुऱ्या तळत बसू लागली.

तिथंच एकदा तिनं विचारलं, "ते गाणं वाजवते का आता कोणी?"

मी वाजवणं सोडलं होतं, पण मित्रांना दिलेल्या सीडीच्या नकला कुठल्या कुठे गेल्या होत्या.

"नाही," मी म्हटलं.

"बरं झालं," म्हणाली, आणि पुढची पुरी कढईत सोडली.