हिरवी वायर

यांनी वाशीमहून ओव्हन मोटरसायकलवर बांधून आणला आणि आल्या आल्या त्याची पिन कापली. पिन नवी होती, जाड, तीन पायांची. आमच्या स्वयंपाकघरातल्या बोर्डात ती बसत नव्हती. कापल्यावर आतून तीन वायरी निघाल्या. दोन वायरींना यांनी टीव्हीची जुनी दोन पायांची पिन लावली. तिसरी हिरवी होती. तिला चिकटपट्टी गुंडाळून मागे खोचून दिली.

मी विचारलं, "हे हिरवी कायची व्हय?"

"फालतू राह्यते ते. वावरातली मोटार मी जोडतो, अन तू मले शिकवून राह्यली?"

ओव्हन मुलीसाठी होता. ती कारंज्याला वसतिगृहात राहून शिकते. तिथे ती केक करायला शिकली आणि आठ दिवसांनी सुट्टीवर येणार होती. तोवर आपण नानकटाई करून बघावी म्हणून दुसऱ्या दिवशी मी ओव्हन लावला. दाराला हात लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. मी बटन बंद करून यांना हाक मारली, करंट लागतो म्हणून सांगितलं.

हे गोठ्यातून आले तसेच रबरी चप्पल घालून आत आले, बटन लावून टपावर पंजा ठेवला. "कुठं हाय करंट? भांडे घासून तुह्या हाताले मुंग्या आल्या असतीन."

दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा दीर बसले होते. ते म्हणाले, "ओव्हन चावते काय वहिनी?" दोघंही हसले. मला चारचौघांत बोलता येत नाही. मी आत गेले आणि कणीक इतकी तिंबली की पोळ्या फाटायला लागल्या.

मग मी खोक्यातला कागद काढला. हिंदीत होता, मला लागला तसा वाचला. 'अर्थ के बिना न चलाएँ' असं ठळक लिहिलं होतं, आणि बाजूच्या चित्रात हिरवी वायर जमिनीत गेलेली होती. कागद यांच्या पुढ्यात धरला. हे म्हणाले, "चौथी शिकली, अन आता मले अर्थ सांगते."

पाटावर उभी राहून हात लावला तर काही लागत नाही, फरशीवर उभं राहिलं की लागतं, हे मला एव्हाना कळलं होतं. चौथ्यांदा मी म्हटलं, "तुमी चप्पल काढून पाहा." यांनी ऐकलंसुद्धा नाही, मोबाइलवर बोलत बाहेर गेले.

माझं एकटीचं असतं तर मी ओव्हनला हात लावला नसता, संपलं. पण मुलगी घरात अनवाणी फिरते, आणि हात धुतले की कधी पुसत नाही. तिचा तो ओला हात मला दिवसभर दिसायचा. मी पिन काढून ठेवायची. कोणी आलं की हे पुन्हा लावायचे आणि आतल्या लाल कांड्या दाखवायचे.

मुलगी येण्याच्या आदल्या सकाळी असंच कोणाला तरी दाखवून झालं होतं. पिन तशीच, बटन चालू. यांचा मोबाइल ओव्हनच्या टपावर होता. हे आंघोळ करून ओल्या पायांनी आले, तेवढ्यात तो वाजला. घ्यायला गेले आणि हात पत्र्याला लागला. मागे फेकल्यासारखे भिंतीला आदळले आणि खाली बसले. मी धावत जाऊन बोर्डाचं बटन बंद केलं. यांनी पंजा उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाले, "लय बेकार करंट हाय यात." जणू हा शोध यांनीच लावला होता.

तासाभरात मंगरूळपीरहून वायरमन आला. माझ्या चार सांगण्यांनी आला नव्हता. त्याने चिकटपट्टी सोडली आणि यांना म्हणाला, "भाऊ, जीव वाचवाले हेच वायर राह्यते, अन तुमी तिचंच तोंड बांधलं? अन एवढा लोड या बारक्या पिनेवर, आणखी चार दिवस चालवला असता तर बोर्डही जळला असता." त्याने मीटरपासून वेगळी जाड वायर ओढली, मोठा बोर्ड लावला, गडबड झाली की आपोआप खाली पडणारा खटका बसवला. अंगणात खड्डा करून पाइप गाडला, मीठ-कोळसा टाकून पाणी ओतलं आणि हिरवी वायर तिथवर नेली. मग बल्ब लावून तपासलं.

मी चहा घेऊन दारात उभी होते. कप पुढे करत विचारलं, "भाऊ, पोरगी ओला हात लावते, आता करंट लागन काय?"

"नाई लागनार ताई. पण ओला हात लावूच नका, पोरीलेही सांगा."

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. तिने केक केला. ती ओव्हनचं दार उघडत होती तेव्हा मी तिच्या हाताकडे बघत होते. काही झालं नाही.

केक खाताना हे तिला झटक्याची गोष्ट सांगायला लागले. कसे भिंतीवर आदळले, कसा लगेच वायरमन बोलावला. तिने मला विचारलं, "आई, तुले नव्हता लागत?"

"आठ दिवस लागला," मी म्हटलं.

यांनी दुसरा तुकडा उचलला. "मंग बोलली काहून नाई?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी उठून ताटं गोळा केली. तिथे मला बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहिते. मी बोलले होते. चार वेळा बोलले होते.