कंट्रोलवाल्या मॅडम

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी शमीम मॅडमचं नाव घेतो. बी.एस्सी. होऊन मी जालन्याच्या ज्या लॅबमध्ये लागलो, तिथला जिवाणूंचा विभाग त्या सांभाळायच्या. डॉक्टर त्यांना पाठीमागे ‘कंट्रोलवाली’ म्हणत. त्यांना ते माहीत होतं, आणि आवडायचंही.

प्लेटमध्ये जिवाणूंचं खाद्य ओतून थिजवायचं, जखमेतले जिवाणू त्यावर पसरून औषधांच्या चकत्या ठेवायच्या. औषध लागू पडत असेल तर दुसऱ्या दिवशी चकतीभोवती मोकळं वर्तुळ दिसतं. मॅडम मात्र आधी वेगळीच प्लेट उचलायच्या. तिच्यावर ओळखीचा जिवाणू असे. त्याचं वर्तुळ केवढं यावं हे ठरलेलं. तो कंट्रोल. “आधी घरच्याला विचार, मंग पाहुण्याला,” असं म्हणत मोजपट्टी लावायच्या.

एकदा नमुना माझ्या वडिलांचाच आला. साखरेमुळे आप्पांच्या पायाची जखम चिघळली होती. इंजेक्शन लागू पडलं नाही तर पाऊल काढावं लागेल, असं सर्जन म्हणाले होते. सकाळी प्लेट पाहिली, तर त्याच इंजेक्शनच्या चकतीभोवती छान वर्तुळ! मी हरखलो. मॅडमनी कंट्रोल मोजला. त्याचं वर्तुळ हवं त्यापेक्षा मोठं होतं.

“प्लेटा पातळ ओतल्यात. औषध आहे त्याहून भारी दिसून राह्यलं. रिपोर्ट जाणार न्हाई.”

“मॅडम, बाप आहे माझा!”

“मंग? जिवाणू तुझा लिहाज करतील का?”

सर्जन फोनवर ओरडले. मॅडमनी फोन कानापासून लांब धरला. आवाज थांबल्यावर म्हणाल्या, “झालं का, साहेब? उद्या देते.” मग स्वतः उभं राहून नव्या प्लेटा ओतल्या.

दुसऱ्या दिवशी कंट्रोल बरोबर आला. आप्पांच्या प्लेटवर त्या इंजेक्शनच्या चकतीला जिवाणू अगदी खेटून वाढले होते. दुसऱ्या एका औषधाभोवती मात्र जागा स्वच्छ होती. रिपोर्ट टाइप होण्याआधीच मॅडमनी सर्जनना फोन लावला. दुपारी औषध बदललं. एक बोट गेलं, पाऊल राहिलं.

पुढे मॅडम निवृत्त होऊन नांदेडला लेकीकडे गेल्या. मी परतूरच्या लॅबमध्ये आलो, तेव्हा त्यांना पत्र लिहिलं:

‘आदरणीय मॅडम, सलाम. इथे कंट्रोल चुकला की मीही रिपोर्ट अडवतो. लोक शिव्या देतात. परवा आप्पांना हे सांगितलं. ते बाजारातून पायी आले होते, दारात चपला काढत होते. म्हणाले, “देऊ दे. त्या दिवशी तुझ्या मॅडमला मी बी दिल्त्या.”’