आईनं न पाहिलेली इनिंग

माझी आई पनौती आहे, असं आमच्या घरात एकमतानं ठरलं होतं. ठरवणारे दोघंच होतो, बाबा आणि मी. आईचं मत कोणी विचारलं नव्हतं.

तेव्हा आम्ही नागपूरच्या महाल भागात राहायचो. दोन खोल्या. पुढच्या खोलीत टीव्ही, मागच्या खोलीत स्वयंपाकघर, मधल्या दाराला फुलाफुलांचा पडदा. आजोबा मागावर बसायचे. बाबा मात्र शिकून कचेरीत कारकून झाले, आणि आमच्या घरातली मागाच्या धोट्याची खटखट जाऊन तिथे क्रिकेटची कॉमेंट्री आली.

आमचा एक लाडका बॅट्समन होता. डावखुरा, सडपातळ, भर उन्हातही शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटणं लावून खेळणारा. आज त्याचं नाव घेतलं की ऑफिसातली पोरं "कोण?" म्हणतात, आणि माझं डोकंच फिरतं. अरे कोण म्हणजे काय कोण! त्यानं एकदा कव्हरमधून चेंडू धाडला की अख्ख्या गल्लीतून एकच आरोळी उठायची. बाबा मात्र खुर्चीतल्या खुर्चीत "वा रे वाघा" एवढंच म्हणायचे. उठायची सोयच नव्हती. तो खेळत असला की जो जिथे असेल त्यानं तिथेच बसायचं, असा नियम होता. माझी जागा लोखंडी पेटीवर, उजवा पाय खाली दुमडून. पायाला मुंग्या येवोत नाही तर विंचू चावो, मी हलायची नाही. कारण मी लकी होते. बाबांनीच तसं जाहीर केलं होतं आणि मला ते भारी आवडलं होतं, खोटं कशाला बोलू?

आई दोन-तीनदा चहा घेऊन पुढच्या खोलीत आली आणि नेमका तेव्हाच तो आऊट झाला. झालं! तेवढ्यावर निकाल लागला. आई आत असतानाही तो कितीदा तरी आऊट झाला होता, पण ते कोण लक्षात ठेवतो? तेव्हापासून तो बॅटिंगला आला की आईनं पडद्याच्या आत राहायचं, असं ठरून गेलं. एप्रिलच्या उकाड्यात कुलर आमच्याकडे आणि आई गॅसपाशी.

पण खरी गंमत अशी, की त्याची सगळ्यांत पक्की चाहती आईच होती. तिनं त्याला पाहिला कमी आणि ऐकला जास्त. टाळ्या कशा वाजल्या यावरून तिला चौका कळायचा.

"मारला काय वं?" पडद्याआडून आवाज यायचा.

"हो! चौका!"

"मले वाटलंच," आई म्हणायची.

तो नव्वदीत पोचला की ती गॅस बारीक करायची. फोडणीच्या आवाजानं त्याचं लक्ष जाईल म्हणून. हसू नका, आमच्या घरात या गोष्टी अशाच होत्या.

क्रिकेट आमचं आणि रविवार संध्याकाळ आईची. त्या वेळी टीव्हीवर एक विनोदी कलाकार यायचा. एकटाच. सोबत एक खुर्ची आणि खांद्यावर दुपट्टा. तोच दुपट्टा डोक्यावर घेतला की सासू, गळ्यात टाकला की पुढारी, कमरेला बांधला की शिपाई. आता तसे राहिले नाहीत. हल्लीचे लोक विनोद सांगून आपणच आधी हसतात. तो कधी हसायचा नाही आणि आई डोळ्यांना पदर लावून लावून हसायची. एकदा त्याचा प्रयोग नागपुरात एका मैदानावर झाला तेव्हा आम्ही तिघं गेलो होतो. आई पुढच्या रांगेत. तो खुर्ची पुसत होता, एक शब्द बोलला नव्हता, तोच आईला हसू फुटलं. तो थांबला आणि म्हणाला, "बाई, विनोद अजून व्हायचा आहे." सगळं मैदान हसलं. आईनं ही गोष्ट महिनाभर दुधवाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना सांगितली.

बाबांना त्या कार्यक्रमात हमखास झोप लागायची. कधी तो कलाकार रंगला नाही, तर आईनं काही बाबांना "तुमच्यामुळे झालं" म्हणून आत धाडलं नाही. हे मला तेव्हा सुचलं नाही. आता सुचतं आणि लाज वाटते.

मग ती फायनल आली. मी दहा वर्षांची होते. दुसऱ्या टोकाचे एकेक आऊट होत गेले आणि आपला डावखुरा एकटा लढत राहिला. शंभराला चार धावा कमी असताना आई पडद्याशी आली. बाहेर आली नाही. आतूनच म्हणाली, "एकदा पाहू द्या न मले. याचं शंभर मी कधी पाह्यलंच नाही."

"काही गरज नाही," बाबा म्हणाले. "तिथंच राह्य."

मीही पेटीवरून ओरडले, "नको वं आई!"

पण तिनं पडदा बाजूला केलाच, आणि तिची नजर टीव्हीवर पोचायच्या आत, पुढच्याच चेंडूवर तो आऊट झाला.

मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "तू काहून आली वं? तुझ्याच्यानं झालं सारं!" बाबा त्याहून मोठ्यानं बोलले. त्यांनी टीव्ही बंद केला, चप्पल घातली आणि निघून गेले. मॅच आपण हरलो. बाबा दोन दिवस आईशी बोलले नाहीत. आईनं स्वतःची बाजू मांडली नाही. तिला स्वतःलाच ते खरं वाटलं होतं. त्यानंतर ती क्रिकेट पाहायला पुढच्या खोलीत आलीच नाही, कोणीही खेळत असो.

या गोष्टीला पस्तीस वर्षं झाली. महालातलं घर सुटलं, आईबाबा सक्करदऱ्याला फ्लॅटमध्ये आले. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते आणि रविवारी त्यांच्याकडे जेवायला असते. नव्या घराचं स्वयंपाकघर उघडं आहे, हॉलला लागून, मधे भिंत नाही की दार नाही. तर मागच्या रविवारी मी गेले. बाबा मॅच पाहून राहिले होते आणि आई ओट्याशी टीव्हीकडे पाठ करून मेथी निवडत होती. मला वाटलं काम करते आहे. मग पाहिलं, मेथी केव्हाच निवडून झाली होती. ती नुसतीच पाठ करून उभी होती. गुडघे दुखतात तिचे! माझ्या डोक्यात तिडीकच गेली. राग बाबांचा आला आणि त्याच्या दुप्पट स्वतःचा.

कुण्या भल्या माणसानं त्या फायनलची जुनी कॅसेट जपून इंटरनेटवर टाकली आहे, हे मला माहीत होतं. मी बाबांच्या हातून रिमोट घेतला आणि ती टीव्हीवर लावली.

"आई, इकडे येऊन बस."

"नको वं."

"अगं, झालेली मॅच आहे! आता तो काय आऊट होणार?"

"काय सांगता येते," आई म्हणाली.

आणि बाबा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, शिकलेसवरलेले, हळूच मला म्हणतात, "राहू दे न. तिले कायले बसवतं? चांगला खेळून राहिला तो."

मी कपाळावर हात मारून घेतला. तो शहाण्णवला आऊट होतो हे तिघांनाही पाठ, आणि तरी दोघं नवराबायको त्याला वाचवायला निघाले! मी उठले, आईचा हात धरला आणि तिला सोफ्यावर बसवलं. बाबांच्या शेजारी.

पहिली दहा मिनिटं ती अंग चोरून बसली. मग हळूहळू सैल झाली. "अगं बाई, किती बारीक होता हा! याची माय याले जेवू घालत नव्हती काय?" मग एक सोपा कॅच सुटला. मग दुसरा. आई माझ्याकडे वळली. "हे दोन कॅच सुटले तेव्हा तुम्ही ओरडले न, मी आत समजून राहिली होती का सिक्स मारले!"

तो शहाण्णववर आला. आईनं माझा हात घट्ट धरला. चेंडू पायावर आदळला, सगळ्यांनी अपील केलं, अंपायर ढिम्म. पुढच्या चेंडूला आमचा वाघ क्रीज सोडून तीन पावलं पुढे धावला, बॅट हवेत फिरवली, आणि मागे कीपरनं बेल्स उडवल्या.

आई सोफ्यावरून उठलीच.

"याले कोनं सांगितलं होतं पुढे पळायले? चार राह्यले होते, एक-एक काढ न बाबू! अन् मी समजली मीच..."

ती बोलता बोलता थांबली. खाली बसली. टीव्हीत तो मान खाली घालून चालला होता.

"त्याच्या आधीच्या बॉलवरच गेला होता तो," बाबा म्हणाले. "अंपायरनं दिला नाही म्हणून वाचला. दोन ओव्हरपासून उतावीळ होऊन राहिला होता."

"म्हणजे तुम्हाले तेव्हाच माहीत होतं?" आईनं विचारलं.

"होतं."

"मंग मले काहून बोलले?"

बाबांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. "हरून राहिलो होतो न. कोनावर तरी राग काढाचा होता."

"म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर."

"हो," बाबा म्हणाले. "चुकलं माझं."

"माझंही," मी म्हणाले.

"तुले काय कळत होतं, तू दहा वर्साची होती," असं म्हणून आईनं माझ्या हातावर थोपटलं. मग ती बाबांकडे वळली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, असता तर बरं वाटलं असतं.

"शंभर तर मी आतूनही ऐकलं असतं. तुम्ही दोघं एवढे खूश होऊन राहिले होते, मले तिथं तुमच्यात बसायचं होतं."

बाबांनी सरकून तिला नीट जागा करून दिली. उरलेली मॅच आम्ही तिघांनी शेवटच्या चेंडूपर्यंत पाहिली, आणि पुन्हा हरलो.