जावेच्या खाटेखाली

कुत्र्याला जेवायला घालायची मी आणि तो झोपायचा मात्र धाकट्या जावेच्या खाटेखाली. आमचं घर कशेळ्याच्या अलीकडे. ती नेरळहून लग्न होऊन आली तेव्हा कुत्रा चांगला मोठा झालेला होता, म्हणजे माझाच होता. तिनं त्याला कधी भाकरी कुस्करून घातली नाही, त्याच्या अंगावरच्या गोचिड्या काढल्या नाहीत. नुसती ओट्यावर मोबाईल घेऊन बसायची, आणि हा जाऊन तिच्या पायाशी लोळायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सासूबाई म्हणायच्या, "मुकं जनावर हाय गं, त्याचं काय मनाला लावून घेतेस?" पण लागायचं. नवऱ्यानं, दिरानं तिचं कौतुक केलं तर मी एकवेळ गिळलं असतं. कुत्र्यानं करावं हे नाही.

त्या उन्हाळ्यात आमचा राब भाजायचा होता. भाताची रोपं जिथे करायची ती जागा आम्ही आधी शेण, फांद्या, पालापाचोळा पसरून भाजून काढतो. त्या दिवशी कुत्री घरी बांधून ठेवायची, कारण ती गरम राखेत शिरतात आणि पाय भाजून घेतात. मीही त्याला पडवीच्या खांबाला साखळीनं बांधलं. पडवीला लागूनच पेंढ्याची उडवी होती, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. त्याला आगीपासून जपायचं म्हणून पेंढ्याशेजारी बांधलं आणि आम्ही सगळे शेतावर गेलो.

वारा फिरला. राबातली ठिणगी उडून पेंढ्यावर पडली असणार. घराकडे धूर दिसला तशी मी सगळ्यांच्या आधी पळत सुटले. पळतानाही मनात एवढंच होतं, की आज त्याला मी सोडवणार, ती नाही. पोचले तर पडवीचं एक टोक पेटलेलं. मी घाईघाईनं त्याच्या गळ्याकडचा हूक काढला. साखळी खांबाकडून सोडायला हवी होती, म्हणजे माझ्या हातात राहिली असती. गळा मोकळा होताच तो अंगणात येण्याऐवजी सरळ घरात घुसला. भ्यालेलं जनावर आपल्या नेहमीच्या कोपऱ्यात जातं, आणि त्याचा कोपरा तिची खाट होती.

मी दारातून ओरडले, शिव्या दिल्या, हात जोडले. आत धूर भरत चालला होता. मी पदर नाकाला लावून उंबऱ्यात पाय टाकला, तोच मागून पळत आलेल्या दिरानं दंडाला धरून मला मागे ओढलं. "वैनी, आत जायचं नाय."

तेवढ्यात जाऊ धापा टाकत आली. मला बोलणं जड गेलं, पण बोलले. "तुझ्या खाटेखाली हाय. तूच हाक मार गं."

ती मागच्या दाराला गेली, तिकडे धूर कमी होता. दाराबाहेर त्याची जेवणाची अ‍ॅल्युमिनियमची थाळी पडली होती. ती उचलून तिनं दगडानं वाजवली आणि हाक दिली, "ये रं... ये रं बाबा... जेवाय ये." सावकाश, शेवटचा शब्द लांबवून. रोज दुपारी मी मारते ती हाक, तशीच्या तशी. घाबरून ओरडताना मला स्वतःला ती आठवली नव्हती. तो पोटावर सरपटत बाहेर आला आणि तिनं त्याला मानेला धरून कवेत घेतलं.

विहिरीच्या मोटरचा पाइप लावून आग विझवली. पडवी गेली, घर वाचलं. संध्याकाळी शेजारीपाजारी जमले आणि जो तो म्हणू लागला, बघा, कुत्रं कुणाच्या हाकेला आलं.

"माझ्या नाय," जाऊ म्हणाली. "मी ताईंसारखी हाक मारली. तो त्यांच्याच हाकेला येतो."

कुत्रा तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता. मी चहा टाकायला आत गेले. तिनं सगळं कौतुक स्वतःकडे घेतलं असतं तर मला तिचा मनसोक्त राग करता आला असता. तेवढंसुद्धा तिनं माझ्यासाठी ठेवलं नाही.