शैलाताईंनी शिकवलेलं ऐकणं

शैलाताई गेल्याचं मला वीर स्टेशनवर कळलं. मुंबईहून येणाऱ्या भावाला घ्यायला गेले होते. त्यांच्या सुनेचा फोन आला, "ताई सकाळी गेल्या गं... झोपेतच." भाऊ उतरून समोर आला, तरी मी फोन कानाला धरून तशीच उभी. रिक्षात त्यानं विचारलं, "कोण होत्या तुझ्या?" मला धड सांगता आलं नाही. त्याला दीड महिना झाला. आता सांगून बघते.

मी महाडच्या अलार्म केंद्रात काम करते. दुकानं, दवाखाने, गोदामं, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची घरं इथल्या धोक्याच्या घंटा आमच्याकडे वाजतात. आम्ही लगेच तिथं फोन करायचा आणि गरजेप्रमाणे पोलीस नाहीतर रुग्णवाहिका पाठवायची. या कामाला माणसं निवडणं आणि त्यांना तयार करणं शैलाताईंकडे होतं. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त होऊन त्या इथं आल्या होत्या. मी पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाडीतली, बारावी झालेली. मुलाखतीत मॅनेजरांनी इंग्रजीत काहीतरी विचारलं आणि माझी बोबडीच वळली. तेव्हा ताईंनी खुर्ची फिरवली, माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाल्या, "मी पोलादपूरच्या एसटी स्टँडवर उभी आहे. तुझ्या घरी कशी येऊ?" मी सांगत गेले, "आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागा. दुसऱ्या मोरीपाशी उतरा. डावीकडं पायवाट हाय, वर विहीर लागंल, तिथनं तिसरं घर. कुत्रा हाय, पण चावत नाय." मॅनेजर हसले. ताई हसल्या नाहीत. "पोचले मी," एवढंच म्हणाल्या आणि मला कामावर घेतलं. पुढच्याच रविवारी वाटेत कोणालाही न विचारता त्या खरोखर आमच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. आईची कोण धांदल! "गो, अशी बघत काय ऱ्हायलीस, पाट दे त्यांना!"

शिकवायला मात्र त्या कडक होत्या. घाबरलेल्या माणसाला आधी 'फोन ठेवू नका' सांगायचं, हा त्यांचा पहिला धडा. मी सहा महिन्यांत स्वतःला जाणती समजू लागले होते. बाजारपेठेतल्या एका कापड दुकानाची घंटा रोज वाजायची. मालकांचा गुडघा टेबलाखालच्या बटणाला लागायचा. एका दुपारी ती वाजली आणि मी फोन न करताच बंद केली. मागून ताईंचा आवाज आला, "फोन केलास?"

"रोजचंच हाय ते, ताई."

त्यांनी स्वतः फोन लावला. कोणी उचलेना. मग शेजारच्या दुकानात लावला. शेजारी धावत गेला, तर मालक गल्ल्यामागे छाती धरून पडलेले. ताईंनी रुग्णवाहिका पाठवली. माणूस वाचला. अहवालात ताईंनी लिहिलं, 'शिकवण्यात मी कमी पडले', आणि खाली सही केली. मी रडत म्हटलं, "चूक माझी होती, ताई."

"हो, तुझीच होती. म्हणून उद्या वेळेवर ये. तू घरी बसलीस, तर यातून शिकणार कोण?"

त्यानंतर एकही घंटा मी फोन न करता बंद केलेली नाही.

गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि ताईंची वाचाच गेली. मी सुट्टीच्या दिवशी जायची, केंद्रातलं सगळं सांगायची. त्या डोळे मिटून ऐकायच्या. बोलणं संपलं की माझं बोट दाबायच्या.

नवीन मुलींना शिकवण्याचं काम आता माझ्याकडे आलंय. गेल्या आठवड्यात कॉम्प्युटरमध्ये ताईंनी पूर्वी करून ठेवलेले सरावाचे फोन सापडले. त्यांच्याच आवाजातले, उत्तरासाठी मध्ये जागा सोडलेले. सव गावची एक नवीन मुलगी हेडफोन लावून बसली, दुसरा मी लावला. "बाळ, कोणीतरी दार ढकलतंय गं... मी एकटीच आहे." कापऱ्या आवाजातली ती म्हातारी ताईच होत्या. मुलगी गोंधळली. मग हळूच म्हणाली, "आजी, घाबरू नका. मी हाय. फोन ठेवू नका."

थोडा वेळ नुसती खरखर.

"बरं," ताई म्हणाल्या, "नाही ठेवत."